श्टुटगार्टचा पगार, पुण्याचा हप्ता, नाशिकचं खातं: पैसे ठेवायचे कुठे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. वय ३१. नोव्हेंबर २०२४ मध्ये नोकरीसाठी श्टुटगार्टला गेलात, आता अकरावा महिना चालू आहे. पगार ५,५०० युरो, हातात येतात साधारण ३,४००, खर्च जाऊन दीड हजार उरतात. पुण्यातल्या फ्लॅटचा भाडेकरू २२,००० देतो, कर्जाचा हप्ता ३८,००० जातो. पत्नी सध्या नाशिकला तुमच्या आईवडिलांकडे आहे, काही महिन्यांत तिकडे येईल. उरलेले पैसे तुम्ही वडिलांच्या खात्यात पाठवता आणि ते त्यांची एफडी करतात. दोन एसआयपी आहेत, एक पीपीएफ आहे, आणि गावाकडे एखादा एकर जमीन घेऊन ठेवावी असं आईच्या मनात आहे. हे सगळं सांगून तुम्ही विचारलंत एवढंच: "पैसे इथे ठेवू की भारतात पाठवू? व्याज तर भारतातच जास्त मिळतं."

मी पुण्यात सीए आहे. बावीस वर्षं व्यवसाय करते, त्यातलं निम्म्याहून जास्त काम परदेशी गेलेल्या मुलामुलींचं आणि त्यांच्या इथल्या आईवडिलांचं. यजमानांच्या नोकरीमुळे पाच वर्षं फ्रँकफर्टजवळही काढली आहेत, त्यामुळे तिकडची पे-स्लिप मला परकी नाही. तरी जर्मन कराच्या बाबतीत अखेरचा शब्द तिथल्या कर सल्लागाराचा. मी सांगते ती दिशा.

तुमची खरी अडचण व्याजदराची नाही. तुम्ही देश सोडलात, पण तुमची कागदपत्रं अजून नाशिकलाच राहतात. बँकेला तुम्ही गेल्याचं माहीत नाही, म्युच्युअल फंडाला माहीत नाही, भाडेकरूला माहीत असलं तरी त्याचा अर्थ माहीत नाही. आधी प्रत्येक कायद्याच्या नजरेत आज आपण कोण आहोत ते ठरवायचं, मग पैशाची जागा ठरवायची. हा क्रम उलटा झाला की जास्तीचं व्याज दंडात जातं.

भारतात दोन कायदे तुमच्याकडे दोन नजरांनी बघतात. परकीय चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, म्हणतो की नोकरीसाठी देश सोडलात त्या दिवसापासून तुम्ही अनिवासी. आयकर कायदा मात्र १ एप्रिल ते ३१ मार्च असे दिवस मोजतो. नोकरीसाठी बाहेर जाणारा माणूस त्या वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात असेल तर त्या वर्षापुरता तो निवासीच. तुम्ही नोव्हेंबरमध्ये निघालात, म्हणजे तोवर सात महिने होऊन गेले होते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी विमानात बसला असतात तर गोष्ट वेगळी असती. एका माणसाला एकाच दिवशी एक कायदा अनिवासी म्हणतो आणि दुसरा निवासी म्हणतो, हे ऐकून बरेच जण गोंधळतात, पण तुमचं अगदी तसंच झालेलं आहे.

याचा परिणाम काय? २०२४-२५ या वर्षासाठी तुमचं जगभरातलं उत्पन्न भारताच्या विवरणपत्रात यायला हवं. म्हणजे नोव्हेंबर ते मार्चचा जर्मन पगारसुद्धा. तिथे कापला गेलेला कर इथे वजा मिळतो, पण त्यासाठी फॉर्म ६७ भरावा लागतो, तो आपोआप मिळत नाही. त्याच विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट असतं, त्यात तिकडचं बँक खातंही दाखवायचं असतं. खात्यात किरकोळ रक्कम असली तरी दाखवायचं. दंडाची तरतूद १० लाख रुपयांची आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकीची परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही, तेवढा दिलासा तुम्हाला आहे. पण दाखवायची जबाबदारी उरतेच. तुम्ही जुलै-सप्टेंबरमध्ये जे विवरणपत्र भरलंत त्यात फक्त इथला पगार आणि व्याज होतं असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारित विवरणपत्र भरता येतं. सगळ्यात आधी हे काम करा.

इथे एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. दोन्ही देश एकाच काळासाठी तुम्हाला आपला रहिवासी म्हणत असतील, तर भारत-जर्मनीमधल्या कराविषयीच्या करारात त्याचा निवाडा पायरीपायरीने होतो: कायमचं घर कुठे आहे, मग कुटुंब आणि आर्थिक धागे कुठे जास्त आहेत, मग राहणं कुठे जास्त आहे. तुमचा पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे, म्हणजे तो राहायला मोकळा नाही. हे एका बाजूचं. पत्नी नाशिकला आहे. हे दुसऱ्या बाजूचं. तिकडची खोली तात्पुरती होती की रीतसर भाडेकराराची, यावरही बरंच ठरतं. त्यामुळे त्या पाच महिन्यांच्या पगारावर इथे काही देणं निघेल का, याचं उत्तर कागद बघितल्याशिवाय कुणी छातीठोकपणे देत असेल तर त्याच्यावर विसंबू नका. २०२५-२६ पासून तुम्ही आयकरालाही अनिवासी आहात, फक्त दिवाळी, लग्नकार्य मिळून इथला मुक्काम १८२ दिवसांच्या खाली राहायला हवा. तो राहीलच. भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर गेलं तर मोजणीचे नियम बदलतात, पण तुमचा तो प्रश्न नाही.

आता जर्मनी. तिथे तुम्ही पत्त्याची नोंदणी केलीत आणि राहू लागलात, की तिथल्या करखात्यासाठी तुम्ही पूर्ण रहिवासी. पूर्ण म्हणजे जगभरातल्या उत्पन्नासकट. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक समज इथे मोडायला हवा: "एनआरई खात्याचं व्याज करमुक्त असतं." एनआरई म्हणजे अनिवासी माणसाचं परदेशातल्या कमाईसाठीचं भारतातलं खातं. त्याचं व्याज भारतात करमुक्त असतं. जर्मनीसाठी ते तुमचं साधं व्याजाचं उत्पन्न आहे, त्यावर २५ टक्के आणि त्या करावर साडेपाच टक्के अधिभार, म्हणजे एकूण २६.३७५ टक्के. वर्षाला १,००० युरोंपर्यंतचं व्याज-लाभांश एकट्या माणसाला माफ आहे, नवरा-बायकोला मिळून २,०००. तुमच्या दुबईतल्या मावसभावाने एनआरईबद्दल दिलेला सल्ला तुम्हाला म्हणूनच लागू होत नाही. त्याच्याकडे पगारावर कर नाही, त्याचं गणितच वेगळं. "त्यांना कळणार कसं?" हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. दोन्ही देश २०१७ पासून बँक खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप पाठवतात. खातं एनआरई असेल तर बँकेकडे तुमचा जर्मन पत्ता आणि तिथला कर क्रमांक असतो, आणि वर्षअखेरची शिल्लक व व्याज थेट जातं. माझ्या एका अशिलाला चार वर्षांच्या व्याजाची विचारणा करणारं पत्र आलं, तेव्हा त्याने मला फोन केला. मी त्याला सुरुवातीला भारताच्या बाजूचं बरोबर सांगितलं होतं, पण तिकडच्या बाजूबद्दल गप्प राहिले होते. तेव्हापासून पहिल्याच बैठकीत मी दोन्ही बाजू बोलते.

खात्यांचं आता पटकन सांगते. नाशिकचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्या. भाडं, लाभांश, इथलं कुठलंही उत्पन्न त्यात येईल. शेजारी एक एनआरई खातं उघडा. युरोतून आलेला पैसा त्यात रुपयांत राहतो आणि कधीही परत बाहेर नेता येतो. एनआरओमधला पैसा कर भरून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतो, फक्त सीएचं प्रमाणपत्र वगैरे सोपस्कार असतात. साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं हा फेमाचा भंग आहे. घाबरून जाऊ नका, उशिरा आलेल्यांची खाती बँका रोज बदलून देतात, पण "पुढच्या खेपेला आलो की बघू" असं करू नका. फॉर्म, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकडच्या पत्त्याचा पुरावा पाठवून हे तिथे बसून होतं. एनआरओच्या व्याजावर बँक ३१.२ टक्के कर कापते. करारानुसार तो १० टक्क्यांवर येतो, पण त्यासाठी जर्मन करखात्याचा रहिवासी दाखला आणि इथल्या आयकर पोर्टलवरचा फॉर्म १०एफ दरवर्षी बँकेला द्यावा लागतो. एनआरई खात्यात वडिलांना 'प्रथम धारक किंवा हयात' पद्धतीने जोडता येतं, म्हणजे तुमच्या हयातीत ते अधिकारपत्रावर इथले व्यवहार करू शकतात आणि मालकी तुमचीच राहते.

हे शेवटचं वाक्य सहज म्हणून लिहिलेलं नाही. तुमच्या प्रश्नातली जी ओळ वाचून मी एवढं मोठं उत्तर लिहायला बसले ती हीच: "बाबांच्या खात्यात टाकतो, ते एफडी करतात."

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी रबरबँड लावलेली तीन पासबुकं काढली, खाली एफडीच्या पावत्यांचा गठ्ठा. मुलगा आखातात, अकरा वर्षं दरमहा पैसे पाठवत होता. वडिलांनी त्यातला एक रुपया इकडचा तिकडे केला नव्हता. प्रत्येक पावतीच्या मागे पेन्सिलीने मुलाचं नाव आणि महिना लिहिलेला होता. वडील अचानक गेले. पेन्सिलीने लिहिलेल्या नावाला बँकेत काही किंमत नव्हती. नॉमिनी आई होत्या, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, रक्कम ताब्यात घेणारा विश्वस्त. वारस चौघं: आई, हा मुलगा, धाकटा भाऊ आणि बहीण. मुलाने पाठवलेला पैसा कायद्याने वडिलांना दिलेलं बक्षीस ठरत होता, आणि बक्षीस दिलं की ते घेणाऱ्याचं. भावंडांची नियत वाईट नव्हती. बहिणीने लगेच हक्क सोडला. धाकट्याच्या डोक्यावर कर्ज होतं, त्याने नाही सोडला. ती आई माझ्यासमोर बसून त्या पावत्या महिन्याप्रमाणे लावत होती, जणू नीट लावल्या तर काहीतरी बदलेल. दोघं भाऊ आजही बोलत नाहीत.

तुमच्या घरी असं होईल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या वडिलांवर हा भार का टाकायचा? आईवडिलांच्या घरखर्चासाठी, औषधपाण्यासाठी जे द्यायचं ते त्यांच्या खात्यात मोकळ्या मनाने द्या, ते त्यांचं. मुलाने वडिलांना दिलेल्या पैशावर भारतात कर नाही, आणि त्यावर पुढे मिळणारं व्याज वडिलांचं उत्पन्न धरलं जातं. तुमची बचत मात्र तुमच्या नावावर. आणि पत्नीच्या खात्यात टाकून एफडी केलीत तर मालकी तिची, पण व्याज कराला तुमच्या उत्पन्नात मिळवलं जातं, हेही ध्यानात असू द्या. आतापर्यंत वडिलांकडे गेलेली रक्कम मुदत संपेल तशी ते तुमच्या एनआरओ खात्यात बक्षीस म्हणून परत देऊ शकतात. प्रत्येक वेळी साध्या कागदावर दोन ओळींचं बक्षीसपत्र करून ठेवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. व्याज भारतात जास्त आहे हे खरं आहे, पण ते रुपयांत जास्त आहे. २०१२ मध्ये एका युरोला ६८-६९ रुपये पडत होते. २०२५ मध्ये शंभरी ओलांडली. तेरा वर्षांत रुपया युरोसमोर वर्षाला सरासरी तीन टक्क्यांनी घसरला. मधल्या काही वर्षांत तो सुधारलाही, सरळ रेषेत काही चालत नाही; पुढेही असंच होईल असं मी सांगू शकत नाही, पण कल लक्षात घ्यायला हवा. समजा एनआरई ठेवीवर ७ टक्के मिळाले. जर्मनीचा कर गेला की उरले सव्वापाचच्या आत. हा पैसा उद्या श्टुटगार्टमध्ये घराच्या डाउन पेमेंटला वापरायचा असेल, तर त्यातून घसरणीचे तीन वजा करा: राहिले दोनच्या आसपास. तिकडच्या साध्या मुदत ठेवीवर २ टक्के मिळत असतील तर कर जाऊन दीड. या अर्ध्या टक्क्यासाठी दोनदा चलन बदलायचं, विनिमयाचा धोका घ्यायचा, दोन देशांत कागद रंगवायचे? पण हाच पैसा पुण्याच्या कर्जात भरायचा असेल, आईच्या शस्त्रक्रियेसाठी राखायचा असेल, किंवा पाच वर्षांनी परत येऊन इथेच खर्चायचा असेल, तर रुपयांतले पाच टक्के खरेच पाच टक्के आहेत.

म्हणून माझा नियम व्याजदराचा नाही, खर्चाच्या जागेचा आहे. जो पैसा जिथे खर्च होणार, तो तिथल्या चलनात. तुम्हाला परत यायचंय की नाही हे आज माहीत नाही, तुम्ही तसं लिहिलंयही, आणि पहिल्या वर्षी कुणालाच माहीत नसतं. अशा वेळी दोन्हीकडे विभागून ठेवणं यात शहाणपण आहे. नीट ठरलं की पारडं हलवता येतं.

तरीही पहिले पैसे तिकडे राहू द्या, याचं कारण तुमच्या व्हिसात आहे. तुमचा राहण्याचा हक्क नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावं लागतं आणि दुसरी शोधायला मिळणारा अवधी मोजका असतो. बेकारी विम्याचे पैसे पगारातून कापले जातात, पण लाभ मिळायला मागच्या ३० महिन्यांत १२ महिने भरणा झालेला लागतो. तुमचा अकरावा चालू आहे! पुढचा महिना पूर्ण झाला की निव्वळ पगाराच्या सुमारे ६० टक्के काही महिन्यांसाठी मिळण्याचा हक्क तयार होतो. तोवर आणि त्यानंतरही, सहा महिन्यांचा तिकडचा खर्च, पत्नी आल्यावरचं वाढलेलं घरभाडं, नव्या घराची अनामत जी तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागतात, आणि दोघांची परतीची तिकिटं, एवढं युरोत आणि लगेच हाताशी येईल असं ठेवा. ते झाल्याशिवाय भारतात हप्त्याची तूट आणि आईवडिलांचा खर्च यापलीकडे काही पाठवू नका. तिथे एका बँकेत एका माणसाच्या १,००,००० युरोंपर्यंतच्या ठेवी सुरक्षित असतात. आपल्याकडे ती मर्यादा ५ लाख रुपये आहे. वडिलांची सगळी एफडी एकाच छोट्या सहकारी बँकेत असेल, तर हा आकडा त्यांनाही सांगा.

पे-स्लिप समोर घ्या. "चाळीस टक्के कापतात" म्हणून तुम्ही हळहळताय, पण ते सगळं गेलेलं नाही. पेन्शनची ओळ बघा: ९.३ टक्के, म्हणजे दरमहा ५११ युरो, आणि तेवढेच मालक घालतो. तीन वर्षांत तुमच्या एकट्याच्या वाट्याचे १८,००० युरोंच्या वर जमा होतात. साठ महिने भरणा झाला की निवृत्तीच्या वयात जर्मन पेन्शनचा हक्क मिळतो, तुम्ही तेव्हा नाशिकला असलात तरी. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे. साठ महिन्यांच्या आत कायमचे परत आलात, तर चोवीस महिने थांबून स्वतःचा वाटा परत मागता येतो, मालकाचा नाही. म्हणून परतण्याचा विचार चौथ्या-पाचव्या वर्षी आला तर महिने मोजा. अठ्ठावन्नाव्या महिन्यात घाईने राजीनामा देऊन नंतर हळहळणारी माणसं मी पाहिली आहेत.

आरोग्य विमा सरकारी आहे ते उत्तम. पत्नीला तिकडे उत्पन्न नसेल तर ती जादा पैसे न भरता त्याच विम्यात येते. ती तिथे राहायला येऊन नोंदणी झाली की कराचा वर्गही (पगारातून दरमहा किती कर कापायचा हे ठरवणारी श्रेणी) बदलून घेता येतो, हातातला पगार लक्षात येण्याइतका वाढतो. विवाह प्रमाणपत्राचं जर्मन भाषांतर आत्तापासून तयार ठेवा. आणि तिकडचं विवरणपत्र भराच. तिकडच्या पगाराशिवाय दुसरं उत्पन्न नसलेल्या नोकरदाराला बहुधा सक्ती नसते, म्हणून नवे लोक भरत नाहीत, पण स्वखुशीने मागच्या चार वर्षांपर्यंतचं भरता येतं, आणि ज्या वर्षी माणूस मध्येच येतो त्या वर्षी बऱ्याचदा परतावा निघतो. नोकरीसाठीच्या स्थलांतराचा खर्च, पावत्या जपल्या असतील तर, त्यात मांडता येतो. गरजू आईवडिलांना पाठवलेला आधारही काही अटींवर वजा होतो, भारतासाठी मर्यादा बरीच कमी आहे, आणि २०२५ पासून तो बँकेमार्फतच पाठवलेला असावा लागतो. मित्राच्या हाती रोख पाठवली तर धरत नाहीत.

एका गोष्टीबद्दल मात्र मला कळकळीने बजावायचं आहे. "आपल्या मराठी मंडळातल्या एका ओळखीच्यांनी कर वाचवणारी पेन्शन योजना सुचवली आहे, दरमहा ४०० युरो," असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. नावावरून ती र्‍यूरुप प्रकारची दिसते. त्यात कर वाचतो हे खरं. पण ती मोडता येत नाही, एकरकमी काढता येत नाही, वयाच्या ६२ व्या वर्षाआधी मिळत नाही, आणि मिळते ती फक्त मासिक पेन्शन म्हणून. जर्मनीतच म्हातारपण काढणाऱ्या, भरपूर कमावणाऱ्या माणसाला ती सोयीची असेल. परत जायचं की नाही हे ज्याचं ठरलेलं नाही त्याने त्यात सही करू नये. मंडळातले गृहस्थ सज्जन असतील. त्यांना दलालीही मिळते. दोन्ही खरं असू शकतं.

आता राहिलेलं. पीपीएफ चालू ठेवा, मुदत संपेपर्यंत वर्षाला दीड लाख भरता येतात, फक्त पुढे मुदतवाढ मिळत नाही. एसआयपीसाठी केवायसीतला दर्जा अनिवासी करा आणि बँक मँडेट नव्या खात्याला जोडा. पण नवी रक्कम भारतीय फंडात वाढवू नका, कारण जर्मनी फंडातल्या वाढीवर विक्रीच्या आधीच दरवर्षी थोडा कर आकारते, आणि तो हिशोब परदेशी फंडासाठी तुम्हालाच मांडून द्यावा लागतो. भाडेकरूला सांगा की एप्रिल २०२५ पासून मालक आयकरासाठी अनिवासी आहे, म्हणून त्याने भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून भरायचा आहे. त्याला हे जाच वाटेल, पण त्याने नाही कापला तर जबाबदारी त्याची राहते. तुमचा प्रत्यक्ष कर एवढा होणार नाही, विवरणपत्र भरून परत मिळतो. भाड्याची नोंद जर्मन सल्लागारालाही द्या.

पैसे पाठवताना "शून्य शुल्क" या शब्दांवर जाऊ नका. समजा त्या दिवशी बाजारात एक युरो १०३ रुपयांना आहे आणि बँक तुम्हाला १००.८० देते. दीड हजार युरोंवर ३,३०० रुपये गेले, आणि पावतीवर शुल्क शून्यच. दोन-तीन ठिकाणी एकाच क्षणी 'हातात किती रुपये पडतील' एवढाच आकडा बघा.

शेवटी आईची जमीन. अनिवासी माणसाला भारतात फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येतं. शेतजमीन, मळा, फार्महाउस विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर घरचं नाव पिढ्यान्‌पिढ्या असलं तरी नाही. वारसाहक्काने मात्र मिळू शकते. तुमचे वडील शेतकरी खातेदार आहेत, ते स्वतःच्या नावावर घेऊ शकतात, आणि त्यांना पैसे तुम्ही देऊ शकता. पण दोन गोष्टी आधी बघा. जर्मनीत राहणाऱ्याने आईवडिलांना दिलेल्या भेटीवर दहा वर्षांत प्रत्येकी २०,००० युरोंच्या वर तिथला भेट-कर लागतो; घरखर्चाचा आधार वेगळा, जमिनीसाठीची रक्कम वेगळी. म्हणजे वरच्या १०३ च्या दराने प्रत्येकी वीस लाखांच्या जरा वर गेलात की तिकडच्या करखात्याला कळवावं लागेल. दुसरं, ती जमीन वडिलांची असेल, त्या पावत्यांसारखीच. घ्यायचीच असेल तर खरेदीखताच्या आठवड्यातच वडिलांनी मृत्युपत्र करावं, बहीण-भाऊ असतील तर त्यांना समोर बसवून. तुमच्या सहीची गरज असलेल्या इथल्या बाकी कामांसाठी वडिलांना मुखत्यारपत्र द्या. ते म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करा, आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला वडिलांना सांगा. पाकीट आलं त्या दिवसाची तारीख त्यांनी पाकिटावरच लिहून ठेवावी.